सासूबाईंना गाइड करा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही साताऱ्याला राहतो. घरात मी, हे, चौदा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सुट्टीतला एक रविवार पुण्यात घालवायचा ठरवलाय. मॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, हे मी जाहीर करून बसलेय. पुण्यात जगावेगळी संग्रहालयं आहेत असं ऐकून यादी केली : केळकर म्युझियम, जोशींची छोटी रेल्वे, क्रिकेटचं, सायकलींचं आणि आदिवासी संग्रहालय. पाचही एका दिवसात बसवायची आहेत. पण घरात कुणालाच हौस नाही. मागच्या वर्षी एका मोठ्या संग्रहालयात गेलो होतो. दोन तासांत मुलगा रडायला लागला, मुलगी बाकावर मोबाइल घेऊन बसली आणि ह्यांनी "पैसे देऊन कंटाळा विकत घेतला" असं ऐकवलं. अजून ऐकवतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या म्हणतात, "मी घरीच थांबते, तुमच्या मजेत कशाला खोळंबा." मुलीला जबरदस्तीने न्यावं का? आणि पाच जागांचा क्रम कसा लावू?
– एक हौशी आई, सातारा

उत्तर

हौशी आई,

पाचांतली तीन नावं आधी खोडा. कुठली ते पुढे सांगते, पण पेन हाताशी असू द्या.

हे मी केलंय म्हणून सांगते. एका उन्हाळ्यात दोन भाच्यांना घेऊन मी एका दिवसात तीन संग्रहालयं उरकली होती. उरकली हाच शब्द. तिसऱ्याच्या तिकीट खिडकीसमोर धाकट्याने फतकल मारली आणि विचारलं, "मावशी, अजून किती काचा बघायच्या?" मी दिवसभर त्याला मूर्ती, तलवारी, नाणी दाखवत होते आणि त्याला दिसत होत्या फक्त काचा. त्यामागचं काहीच त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्या दिवशीचं आइस्क्रीम मात्र त्याला अजून आठवतं, फ्लेवरसकट.

तेव्हा तुमच्या अहोंचं ते वाक्य लागलं असलं तरी अगदीच चुकीचं नाही. मोठ्या संग्रहालयात "विष्णू, बेसाल्ट, अकरावे शतक" असल्या पाट्यांपुढून पोरं पुढे सरकत राहतात. मुलाला त्या वस्तूत शिरायला दारच सापडत नाही. तुम्ही यावेळी निवडलेल्या जागांपैकी दोन मात्र अशा आहेत की त्यांची दारं घरातच आहेत. एकाची किल्ली सासूबाईंकडे आणि दुसऱ्याची तुमच्या सात वर्षांच्या चिरंजिवांकडे. म्हणून सासूबाई घरी थांबल्या, तर मी म्हणेन तुम्हीही थांबा.

पहिलं म्हणजे बाजीराव रोडवर नातू बागेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय.

हे राजाचं म्हणून शाही वगैरे काही नाही. दिनकर गंगाधर केळकर (1896 ते 1990) हे पुण्यातले गृहस्थ. घरचा चष्म्यांचा व्यवसाय आणि स्वतः 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला आणि तो जन्मभर सुटला नाही. गावोगाव हिंडून वीस हजारांवर वस्तू त्यांनी गोळा केल्या. पुढे सगळं महाराष्ट्र सरकारच्या हवाली केलं. मांडून ठेवलेल्या वस्तू त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास असतील. म्हणजे तुम्ही कितीही चिकाटीने पाहिलंत, तरी बराचसा खजिना पेट्यांतच राहणार आहे. "सगळं बघून घेऊ" हा हट्ट सोडायला एवढं कारण पुरे.

केळकरांनी जमवलं काय? राजेमहाराजांचे मुकुट नव्हेत. दिवे, समया, कुलपं, अडकित्ते, फण्या, कुंकवाचे करंडे, दौती, सोंगट्या, वाद्यं, जुन्या वाड्यांची कोरीव दारं, स्वयंपाकघरातली भांडी. घराघरांत वापरून झिजलेल्या वस्तू. लोक नवीन स्टीलचं भांडं घ्यायला पितळ मोडीत घालत होते, त्या काळात हा माणूस ते पितळ वेचत होता.

आता तिथल्या एका वस्तूपाशी जरा थांबते, कारण तिच्यावरून माझा सगळा मुद्दा तुमच्या लक्षात येईल. वज्री. पाय घासायची. तुमच्या मुलीने हा शब्द ऐकला नसेल, तुम्हीही कदाचित नाही. तळहातात मावेल एवढी, बहुधा पितळेची किंवा तांब्याची. खालचा भाग आडव्याउभ्या रेघांनी खरबरीत केलेला, म्हणजे टाचेची मेलेली कातडी निघावी. एवढंच काम. पण वरच्या मुठीवर कारागिराने कुठे मोर बसवलाय, कुठे हत्ती, कुठे घोडेस्वार. काही पोकळ असतात आणि आत बारीक खडे किंवा गोळ्या घातलेल्या असतात, म्हणजे घासताना खुळखुळ वाजावं. विचार करा, टाच घासायची वस्तू, न्हाणीघरात जिला दुसरं कुणी बघणारही नाही, तिच्यात खुळखुळा! ओळीने मांडलेल्या वज्र्यांत एकीसारखी दुसरी नाही.

माझ्या आजीची वज्री साधी होती, वर नुसती कडी. न्हाणीघरातल्या दगडाच्या खोबणीत ठेवलेली असायची. केळकर संग्रहालयात पहिल्यांदा वज्र्या पाहिल्या तेव्हा मला सगळ्यात आधी ओल्या दगडाचा आणि बंबाच्या धुराचा वास आला. हा वास पाटीवर लिहिता येत नाही. पण तुमच्या सासूबाईंना येईल, आणि त्या बोलायला लागल्या की पोरांनाही थोडासा येईल.

म्हणून म्हणते, गाइड त्यांना करा. हे कौतुकापोटी सांगत नाही, कामाचं म्हणून सांगतेय. अडुसष्टच्या बाईने कंदिलाची काच राखेने पुसलेली असते, जात्यावर बसलेली असते, सासूच्या चंचीतला अडकित्ता हाताळलेला असतो, दिवाळीत लाकडी सोऱ्यावर जोर काढलेला असतो. तिथल्या निदान पाव वस्तूंशी त्यांची तोंडओळख नव्हे, हातओळख आहे. पेशवाईतल्या नक्षीदार दौती त्यांनी पाहिल्या नसतील, पण दौत उलटली की काय होतं ते त्यांना माहीत आहे. तेव्हा घरातून निघायच्या आदल्या रात्री त्यांच्याशी सरळ बोला : "आई, तिथल्या वस्तू कशाकशाला वापरायच्या ते मला माहीत नाही. तुम्ही आलात तर पोरांना सांगणारं कुणी असेल." आणि जरा जपून. एखाद्या सासूबाई फटकन म्हणायच्या, "म्हणजे मी आता म्युझियममध्ये ठेवायच्या लायकीची झाले का?" म्हणाल्या तर हसून सोडून द्या. त्या येणार आहेत याचीच ती खूण.

तिथे गेल्यावर पोरांना पाट्या वाचू देऊ नका, निदान आधी तरी. आधी ओळखायचं. "हे काय असेल?" मुलगा काहीतरी अचाट सांगेल, मुलगी खांदे उडवेल, मग आजीकडे वळायचं, आणि अगदी शेवटी पाटी. आजीचं आणि पाटीचं जुळलं नाही तर उत्तम, गाडीत वाद घालायला विषय मिळाला. तिथे विंचवाच्या आकाराचं एक कुलूप आहे, ते मुलाला शोधायला लावा. अडकित्त्यांपाशी तर थांबाच. सुपारी फोडायला खरं तर दोन पाती आणि एक खिळा पुरतो, पण इथे त्याचे पोपट झालेत, घोडे झालेत, नवराबायको झालीत. नवराबायकोचा अडकित्ता मिटला की काय होतं, ते तुमच्या अहोंना दाखवा. त्यांचा कंटाळा तिथे थोडा तरी मोडेल.

मस्तानी महालही तिथेच आहे. कोथरूडला पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी महाल बांधला होता, त्याचे अवशेष केळकरांनी आणून इथे एका दालनात उभे केले. मुलीने सिनेमात आरसे आणि झुंबरं पाहिली असतील, त्या मानाने हे लहान वाटेल. ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होणार नाही. मला स्वतःला ती लहानशी खोली सिनेमापेक्षा जास्त खरी वाटते, पण हे माझं मत झालं.

आता गुडघे. इमारतीत जिने आहेत आणि हे लपवून काही उपयोग नाही. सासूबाईंनी सगळे मजले चढायची गरजच नाही. दारातच कर्मचाऱ्यांना विचारा, कुठल्या मजल्यावर काय आहे आणि बसायला कुठे जागा मिळेल. एक घडीचं स्टूल गाडीत टाका. ते आत नेऊ देतात का, तेही विचारा. त्यांनी खालचं निवांत पाहावं आणि बसावं. वरच्या मजल्यांवर तुम्ही पोरांना घेऊन जा, पण त्यांना एक काम देऊन : वर पाहिलेली एक एक वस्तू खाली येऊन आजीला अशी सांगायची की तिने नाव ओळखलं पाहिजे. फोटो दाखवायचा नाही, नुसतं तोंडाने किंवा हातवारे करून. इथे तुमच्या मुलीचा कस लागेल, कारण चौदाव्या वर्षी सगळं "ते असं असतं ना, तसं" या भाषेत चालतं.

मुलीला जबरदस्ती करावी का, हे विचारलंत. दिवसाची करा, संग्रहालयाची करू नका. घरातले पाचही जण एक दिवस बरोबर जाणार, ही गोष्ट चर्चेची नाही. आत गेल्यावर तिने काय पाहावं, किती वेळ पाहावं, चेहऱ्यावर कुठले भाव ठेवावेत, हे तिचं तिला. आपण आया इथे चुकतो. पैसे भरलेत म्हणून पोरीच्या चेहऱ्यावर आनंद दिसला पाहिजे, अशी वसुली करायला बघतो. बाहेर पडल्यावर "मग, काय शिकलीस?" हा प्रश्न तर घरीच ठेवून या. त्याऐवजी आत शिरतानाच तिला एक प्रश्न द्या : यातली एकच वस्तू चोरून न्यायची झाली, तर कुठली? (मोठ्याने नको, रखवालदार जवळच असतो.) चोरायची म्हटल्यावर माणूस वस्तू नीट बघतो. मोबाइलवर फोटो काढायचे असतील तर नियम आणि शुल्क तिकीट खिडकीवर विचारून घ्या. पण तिच्याकडे एक छोटी वही आणि पेन्सिलही द्या, काही न बोलता.

आणि एक गोष्ट तिच्यासाठी राखून ठेवा. नावात 'राजा' का आहे, ते आत जाताना सांगू नका. सगळं बघून झालं, पायऱ्यांवर बसून ती बुटाची नाडी बांधत असली, की सांगा. राजा हा केळकरांचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणीच गेला, आणि या सगळ्या संग्रहाला वडिलांनी त्याचं नाव दिलं. एवढंच सांगा आणि पुढे एक शब्द बोलू नका.

इथे तुमचा दीड तास जाईल. दोन तासांच्या वर थांबू नका, कुणी "अजून थोडं" म्हणालं तरी. किंबहुना कुणी तसं म्हणालं की लगेच निघा, पुढच्या खेपेची सोय झाली.

जायचं कसं, तेही सांगते, कारण पुण्यात भांडणं संग्रहालयात कमी आणि पार्किंगवरून जास्त होतात. तुम्ही खंबाटकी घाट उतरून, नव्या बोगद्यातून कात्रजला येणार आणि तिथून सातारा रोडने स्वारगेटला. 'सातारा रोड' हे नाव ऐकून सासूबाईंना बरं वाटेल. पुढे बाजीराव रोडवर गाडी घालायला जाऊ नका. तो एकेरी आहे, आणि एकेरीची दिशा शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे, म्हणजे नेमकी तुमच्या उलटी. गाडी स्वारगेट-सारसबागेच्या बाजूला कुठेतरी नीट लावा आणि रिक्षा करा. पाच जणांना दोन रिक्षा लागतील. एकीत आजी आणि मुलगी, दुसरीत तुम्ही तिघं. मुद्दाम अशी वाटणी करा.

दुपारचं जेवण. रविवारी पुण्यात थाळीच्या हॉटेलबाहेर नाव नोंदवून तासभर फुटपाथवर उभं राहायचं, हा पुणेकरांचा छंद आहे. तुम्ही तो जोपासू नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही असा डबा आणा आणि सारसबागेकडे या. तळ्यातल्या गणपतीचं दर्शन झालं की सासूबाईंचा दिवस तिथेच अर्धा सार्थकी लागला. त्याच आवारात गणपतीच्या मूर्तींचं एक छोटंसं संग्रहालयही आहे. तुमच्या यादीत ते नव्हतं, पण दहा-पंधरा मिनिटांत होतं, आणि त्याला जाणं म्हणजे "अजून एक म्युझियम" असं कुणाला वाटतही नाही. देवळातून बाहेर पडता पडता होऊन जातं.

शेजारी पेशवे उद्यान आहे आणि तिथे फुलराणी. 1956 पासून पोरांना फिरवणारी छोटी आगगाडी. चालू असेल तर मुलाला नक्की बसवा, आणि अहोंनाही. त्यांच्या वयाचा पुण्याशी जराही संबंध आलेला माणूस फुलराणीत बसलेला असतो किंवा बसायचं राहून गेलेला असतो. फुलराणी ही मी मधे मुद्दाम घातलीय, कारण संध्याकाळी आपण जिथे जाणार आहोत तिथे गाड्यांना हात लावता येत नाही. आधी बसून घेतलं की मग नुसतं बघायला मुलगा तयार होतो.

दुसरी जागा तीच, जोशींची छोटी रेल्वे. कोथरूडमध्ये जी. ए. कुलकर्णी पथावर. भाऊसाहेब जोशी यांना लहानपणापासून गाड्यांची प्रतिरूपं करायचा नाद. त्यातून हातांनी एक अख्खं शहर उभं राहिलं आणि 1 एप्रिल 1998 ला ते लोकांसाठी खुलं झालं. (एक एप्रिलला उद्घाटन करायला धीर लागतो.) पुण्यातली ही दोन्ही संग्रहालयं एकेका माणसाच्या खुळातून झालीत, हे माझं या शहरावरच्या प्रेमाचं एक कारण आहे.

इथे दालनामागून दालन फिरायचं नसतं, खेळ असतो. सिनेमासारखा ठरलेल्या वेळी सुरू होतो आणि अर्ध्या तासाच्या आत संपतो. सगळे एका मोठ्या मांडणीच्या कडेने बसतात. सासूबाईंना चालायचं नाही, चढायचं नाही. दिवे मंद होतात, निवेदन सुरू होतं आणि एकेक गाडी निघते. वाफेचं इंजिन, वेगवान प्रवासी गाडी, डोंगर चढणारी गाडी, वरच्या रुळाला टांगून चालणारी गाडी. बाजूला रोपवे, सर्कसचा तंबू, पोहण्याचा तलाव. रात्र होते तेव्हा रस्त्यावरचे सगळे इवले इवले खांब उजळतात. त्या वेळी गाड्यांकडे बघू नका, समोर बसलेल्या मोठ्या माणसांचे चेहरे बघा.

तुमच्या मुलाला एक आकडा देऊन ठेवा, तो दिवसभर चघळेल. ही प्रतिरूपं खऱ्याच्या 87 पट लहान असतात. या मापाला जगभर एच-ओ म्हणतात. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्यापेक्षाही कमी. खरा डबा साधारण 22 मीटर लांब धरला तर इथला पाव मीटर होतो, त्याच्या शाळेच्या पट्टीहून थोडा लहान. तुम्ही स्वतः त्या स्टेशनवर उभ्या राहिलात तर दोन सेंटिमीटरच्याही आत भराल. गाडीत पट्टी आणि एक रुपया त्याच्या हातात द्या आणि घरातल्या सगळ्यांना 87 ने भागायला सांगा. खंबाटकी कधी संपली ते कळणार नाही.

शनिवार-रविवारच्या खेळांच्या वेळा फोन करून विचारूनच निघा. किती माणसं जमली की खेळ सुरू करतात, तेही विचारा. केळकर संग्रहालयालाही निघायच्या आदल्या दिवशी फोन करा, सणासुदीला तर नक्कीच. बंद दारासमोर उभं राहून "तुला आधी विचारता आलं नाही?" हे वाक्य ऐकायची वेळ तुमच्यावर येऊ नये, आणि तुमच्या घरात ते कोण म्हणेल हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

परत जाताना शहरात शिरू नका. कोथरूडहून वारज्याला उतरलात की महामार्ग लागतो, तोच सरळ साताऱ्याला जातो.

राहिलेली तीन. सहकारनगरचं क्रिकेट संग्रहालय, ब्लेड्स ऑफ ग्लोरी, रोहन पाटे यांनी उभं केलंय. 2012 मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खेळाडूंच्या सह्यांच्या बॅटी, जर्सी, असलं बरंच काही आहे. अहो क्रिकेटवेडे असतील आणि दिवसभर कुरकुर न करता डबा, गाडी, रिक्षा सांभाळणार असतील, तर त्यांना पुढच्या वेळी तिथे एकट्याला सोडा. सगळ्यांनी जाऊन सासूबाईंना द्रविडची बॅट दाखवण्यात अर्थ नाही. अर्थात त्या द्रविडच्या चाहत्या असतील तर मी माझे शब्द मागे घेते.

कर्वेनगरमधलं सायकलींचं संग्रहालय विक्रम पेंडसे यांनी स्वतःच्या घरात केलंय. कुणाच्या घरात जाताना आपण जसं आधी विचारतो तसं विचारून जा. जाल तेव्हा घडी घालता येणारी सायकल दाखवायला सांगा. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उड्या टाकणाऱ्या सैनिकांसाठी केलेली. एकेकाळी पुणं हे सायकलींचंच शहर होतं, हे आता मुलांना थाप वाटते. त्यासाठी तरी एकदा जावं.

आदिवासी संग्रहालयाची गोष्ट वेगळी. ते मी खोडलं ते कमी महत्त्वाचं म्हणून नव्हे, तर ते घाईत बघणं वाईट म्हणून. क्वीन्स गार्डनमध्ये आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या आवारात आहे. ही संस्था 1962 सालची. वारली चित्रं आपल्याकडे आता कपबशा आणि पडद्यांवर आलीत, पण जव्हार-मोखाड्याकडचे बोहाड्याचे मुखवटे समोरून पाहिले की पोरं एकदम गप्प होतात. बोहाडा हा रात्रभर चालणारा सोंगांचा उत्सव. एकेक सोंग मुखवटा चढवून, वाद्यांच्या तालावर नाचत मिरवत येतं. इथे "आजी, हे कशाला वापरायचे?" चालत नाही, कारण ही आपल्या आजीची वस्तू नाही, दुसऱ्या कुणाच्या आजीची आहे, आणि ते लोक आजही ती वापरतात. तुमची मुलगी चित्रं काढत असेल तर तिला एकटीला घेऊन या कधीतरी, कामाच्या दिवशी, एसटीने. दोघीच. आल्यावर कॅम्पात काहीतरी खा आणि परत जा.

आणि अहोंच्या त्या "पैसे देऊन कंटाळा" या वाक्याचं काय करायचं? काही करू नका. तिकिटं त्यांना काढायला द्या आणि अडकित्त्यांपाशी त्यांना सासूबाईंबरोबर सोडून तुम्ही पुढे व्हा. आईच्या तोंडून आपल्या आजीच्या चंचीबद्दल माणूस चाळिशीत सहसा ऐकत नाही. तेवढी दहा मिनिटं त्यांना द्या.

शेवटचं, माझ्या स्वार्थाचं. घरी परतलात की सासूबाई बहुधा माळ्यावरची ट्रंक काढायला सांगतील. अशा सहलीनंतर हे हमखास होतं, त्यामुळे सोमवारी सकाळी दुसरं काम ठेवू नका. त्यात वज्री सापडली तर चिंच-मिठाने हलक्या हाताने घासा, ब्रासोने नको. हलवून बघा, आतून वाजते का. वाजली तर मला कळवा. माझ्या आजीची वाजायची नाही, आणि ती आता आहे कुठे हेही आमच्या घरात कुणाला माहीत नाही.